माजघरातला साक्षीदार

आमच्या सांगलीच्या घरी दिवाळीच्या पहाटेचा एक रिवाज ठरून गेला होता. अभ्यंगस्नाने उरकली, देवदर्शन झाले, की सगळी मंडळी फराळाच्या ताटांभोवती बसत आणि थोरले काका टेपरेकॉर्डरवर पु. ल. देशपांड्यांची एखादी फीत लावीत. पुढचे वाक्य काय येणार, ते घरातल्या पोराटोरांनाही पाठ असे. तरीही ते आले की सगळे नव्याने हसत. पु. ल. हे आमच्या घरी कधी आले नव्हते, येण्याचे काही कारणही नव्हते. पण त्यांचा एक पाट आमच्या पंगतीत कायमचा मांडलेला होता, असे म्हटले तरी चालेल.

१९९१ च्या दिवाळीत मात्र फीत लागली नाही. आदल्या महिन्यात आईने वाचनालयातून सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ हे पुस्तक आणले होते आणि ते तिच्या आधी काकांनीच वाचून संपवले होते. फराळ चालू असताना कुणीतरी फितीची आठवण केली. काका म्हणाले, “नको आज.” मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, “घरातली गोष्ट घरात राहायला हवी होती.”

“काय खोटं लिहिलंय त्यांनी?” मिरजेच्या आत्याने विचारले.

“खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, अक्का. असल्या गोष्टी लिहायच्या नसतात.”

यावर वडिलांनी काकांची बाजू घेतली, आत्याने आवाज चढवला, आणि चिवड्याच्या ताटांवरून साहित्यविषयक असा वाद आमच्या घरात पहिल्यांदाच झाला. आई स्वयंपाकघरात अनारसे तळत होती. ती बाहेर आली, दोन ताटे भरून गेली. बोलली काहीच नाही. ते पुस्तक पुढे मुदत उलटून गेल्यावरही तीन आठवडे तिच्या उशाशी होते आणि वाचनालयाचा दंड तिने स्वतःच्या पैशातून भरला, हे मला पुष्कळ दिवसांनी कळले.

त्या सकाळी काकांचे नेमके काय हरवले होते? फीत होती तशीच होती. पुस्तकातला एक विनोदही पुसला गेला नव्हता. हरवला होता तो पंगतीतला पाहुणा. आपण ज्याला ओळखतो असे काकांना वाटत होते, त्याला अधिक ओळखणाऱ्या कुणीतरी येऊन सांगितले होते, की तुम्हांला माहीत आहे तो माणूस खराच, पण तेवढाच नाही. लेखक बाहेर कसा दिसतो आणि घरात कसा असतो, या प्रश्नाचा मी पुढे जेव्हा जेव्हा विचार केला, तेव्हा तेव्हा ही सकाळ आठवली. कारण या प्रश्नाची चर्चा आपण नेहमी लेखकाच्या बाजूने किंवा वाचकाच्या बाजूने करतो. तिसरी एक बाजू आहे. ती माजघरात असते.

ही बाजू महाराष्ट्राला अपरिचित आहे, असे मात्र मुळीच नाही. तुकोबांची उसाची गोष्ट कोणत्या घरात सांगितली जात नाही? तुकोबांना कुणी उसाची मोळी दिली. वाटेत पोरे भेटली. ज्याने मागितला त्याला तुकोबा ऊस देत गेले आणि घरी पोचले तेव्हा हातात एकच ऊस उरला होता. जिजाईने तो रागाने त्यांच्याच पाठीवर मोडला. तुकोबा हसून म्हणाले, की बरे झाले, आपोआप वाटे पडले. आपण लहानपणापासून या गोष्टीला हसत आलो. तुकोबांच्या शांतीने आपले मन भरून येते आणि जिजाई कजाग म्हणून आपल्या ध्यानात राहते.

पण ही गोष्ट जिजाईच्या बाजूने एकदा सांगून पाहावी. दुष्काळात घर मोडलेले. त्याच दुष्काळात तुकोबांची पहिली पत्नी गेलेली. परंपरा सांगते, की येणेकऱ्यांचे कागद तुकोबांनी इंद्रायणीत बुडवले. घरी मुले वाट पाहत आहेत. अशा वेळी मोळीतला एक ऊस घरी येतो. वाटेवरच्या पोरांनी ज्या हाताचे औदार्य पाहिले, त्याच हाताचे रितेपण घरच्या पोरांनी पाहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकाच हाताच्या आहेत. आणि तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, तेव्हा भाकरी घेऊन तो डोंगर चढणारी बाई हीच होती, हेही त्याच परंपरेने जपून ठेवले आहे. संतचरित्रे लिहिणाऱ्यांनी जिजाईला गोष्टीतून काढून टाकले नाही. तिची कटकट त्यांनी कथेत ठेवली. तिला न्याय दिला असे म्हणता येणार नाही. पण साक्षीदार म्हणून तिला उभे केले, हे काही थोडे नाही.

आता लेखकाच्या बाजूने पाहू. आपण जसे बाहेर दिसतो तसेच घरात आहोत, असा दावा मराठी लेखकांनी फारसा कधी केलेला नाही. उलट आपण एकाहून अधिक आहोत, हे त्यांनी नावे बदलून उघडपणे सांगितले आहे. राम गणेश गडकऱ्यांनी नाटके स्वतःच्या नावावर लिहिली, कविता गोविंदाग्रज म्हणून लिहिल्या आणि विनोद बाळकराम होऊन केला. वि. वा. शिरवाडकर नाटककार, तर कुसुमाग्रज कवी. चिं. त्र्यं. खानोलकर कथा-कादंबऱ्या लिहीत आणि त्यांच्याच देहात राहणारा आरती प्रभू कविता लिही. याला कुणी लबाडी म्हटले नाही. एका घरात देवघर, ओसरी आणि कोठीची खोली वेगवेगळी असते. तसेच हे आहे, हे वाचकाने समजून घेतले.

कधी कधी तर घेतलेले नाव हीच खरे बोलण्याची एकमेव वाट असते. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, मिळवत्या, पण लग्नाविना घरात अडकलेल्या मुलींच्या मनात काय चालते, ते त्यात इतके स्पष्ट लिहिले होते, की मोठी खळबळ उडाली आणि ही बाई कोण, याचा शोध सुरू झाला. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या वेळी एका शिक्षित स्त्रीने स्वतःच्या नावाने हे लिहिले असते, तर तिला सार्वजनिक जीवनात उभे राहणे कठीण झाले असते. येथे नाव खोटे होते म्हणूनच मजकूर खरा राहू शकला. तेव्हा लेखकाचे बाहेरचे रूप म्हणजे मुखवटा आणि मुखवटा म्हणजे फसवणूक, असे जे सरसकट समीकरण मांडले जाते, ते मला मान्य नाही. लिहिताना माणूस स्वतःला गोळा करतो. दिवसाच्या तेवीस तासांत जो विखुरलेला, चिडका, कंटाळलेला असतो, तो एका तासापुरता आपल्यातल्या उत्तम भागाला हाक मारतो. तो उत्तम भागही त्याचाच असतो.

मग प्रश्न उरतो तो उरलेल्या तेवीस तासांचा. ते कुणाच्या वाट्याला येतात?

या प्रश्नाचे मराठीतले पहिले मोठे उत्तर लक्ष्मीबाई टिळकांनी दिले. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्येच गेले होते. फुलामुलांचे कवी म्हणून महाराष्ट्राने त्यांना हृदयाशी धरले होते. ख्रिस्ती झाले तरी त्यांची मराठी वाणी लोकांनी परकी मानली नव्हती. अशा कवीची पत्नी लिहू लागली आणि वाचकांना दिसले काय? क्षणात भडकणारा, क्षणात विरघळणारा एक माणूस. मनात आले की घर सोडून निघणारा. हातात पैसा आला की समोरच्या गरजवंताला देऊन मोकळा होणारा, आणि घरात काय शिजणार याची चिंता बायकोवर टाकणारा. १८९५ साली त्यांनी धर्मांतर केले, तेव्हा लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढची काही वर्षे पतिपत्नी वेगळी राहिली. मग लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण नवऱ्यामागून फरपटत जाऊन तो स्वीकारला नाही. शिवाशिवीचे आणि जातीपातीचे आपले विचार त्यांनी स्वतः तपासले आणि मगच पाऊल उचलले.

हे सगळे उघड लिहूनही ‘स्मृतिचित्रे’ वाचून टिळकांवर कुणी रागावले नाही, की लक्ष्मीबाईंनी घरातले चव्हाट्यावर आणले असेही फारसे कुणाच्या मनात आले नाही. याचे कारण काय असावे? लक्ष्मीबाईंचे हसणे, असे उत्तर नेहमी दिले जाते, आणि ते खरेही आहे. त्या टिळकांना हसतात त्याहून अधिक स्वतःला हसतात; आपली भीती, आपला भाबडेपणा, आपले सोवळे यांची त्यांनी जेवढी मजा केली तेवढी दुसऱ्या कुणाची केली नाही. पण मला वाटते, हसण्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट आहे. टिळकांचा गुण एका ओळीत आणि दोष दुसऱ्या ओळीत, असा हिशेब लक्ष्मीबाई मांडत नाहीत. ज्या उतावीळ, कोवळ्या, क्षणात पेटणाऱ्या मनाने फुलावर आणि पाखरावर कविता केली, त्याच मनाने घरातली चूल कैकदा विझवली, हे त्या दाखवतात. गुण आणि दोष एकाच देठाला लागलेले आहेत. एक खुडायला जावे तर दुसराही हातात येतो. टिळकांच्या कवितेवर पुष्कळ टीकालेख लिहिले गेले. परंतु त्यांच्या प्रतिभेची जात कोणती, हे त्यांच्या पत्नीइतके नेमके मला दुसऱ्या कुणी सांगितलेले नाही. म्हणून ‘स्मृतिचित्रे’ हे मी आत्मचरित्राइतकेच समीक्षेचेही पुस्तक मानतो.

‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आले तेव्हा परिस्थिती वेगळी होती. पु. ल. हयात होते, लोकप्रियतेच्या शिखरावर होते. सुनीताबाईंच्या लेखनात लक्ष्मीबाईंचे खळाळणे नाही. ते स्वतःशीच घातलेल्या वादासारखे आहे. एक विधान करावे, मग त्याच्यावर संशय घ्यावा, मग आपल्या संशयावरही संशय घ्यावा, अशी त्यांची रीत आहे. घराबाहेर सर्वांना जिंकणारा, गाण्यात आणि गप्पांत रमणारा हा माणूस घरात लहान मुलासारखा आहे. व्यवहाराचे निर्णय, कागदपत्रे, दुरुस्त्या, येणेजाणे हे सगळे आपल्यावर आहे आणि आपल्यालाही काही हवे असेल हे त्याच्या ध्यानातच येत नाही, असे त्या सांगतात. पण त्याच पुस्तकात स्वतःचा कठोरपणा, स्वतःचा हट्ट यांचीही त्यांनी गय केलेली नाही. हे अनेक वाचकांच्या नजरेतून निसटले. आमच्या काकांच्याही निसटले. त्यांना तक्रार तेवढी ऐकू आली. कबुली ऐकू आली नाही.

या पुस्तकामुळे पु. लं.चे प्रसन्न रूप खोटे ठरले, असे मानणाऱ्यांनी एका साध्या गोष्टीचा विचार केला नाही. ‘बटाट्याची चाळ’ रंगभूमीवर एकटा माणूस उभा करीत असे. पाहणाऱ्याला वाटे, की हा सहज आला, सहज बोलला आणि हसवून गेला. तो सहजपणा हेच पु. लं.चे सर्वांत मोठे यश होते. पण सहजपणा आपोआप येत नाही. प्रयोगाची शिस्त, वेळेचा काटेकोरपणा, पैशाचा चोख हिशेब आणि पुढे लेखनाच्या परवानग्या व हक्क यांची व्यवस्था ही बहुतांशी सुनीताबाईंची होती. मिळालेला पैसा समाजाच्या कामाला परत द्यायचा, हे व्रतही दोघांनी मिळून चालवले. पुण्याचे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये उभे राहिले, ते याच दातृत्वाच्या आधाराने. बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांचे वाचन करायला हे पतिपत्नी एकत्र बसत, तेव्हा मात्र ही भागीदारी व्यासपीठावरही दिसे. थोडक्यात, महाराष्ट्राने ज्या पु. लं.वर प्रेम केले, ते पु. ल. घडवण्यात दोन माणसांचे हात होते. एक हात दिव्यांच्या उजेडात होता, दुसरा पडद्याच्या दोरीवर. दोरी धरणाऱ्याने एके दिवशी आपला हात दुखतो असे सांगितले, म्हणून नाटक खोटे कसे ठरते?

येथे न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. माजघरातला साक्षीदार झाला तरी तो साक्षीदारच, न्यायाधीश नव्हे. आत्मचरित्र लिहिणारी व्यक्तीही लिहिताना स्वतःला गोळा करते, काही सांगते, काही वगळते. तिचा ‘मी’ हाही एका अर्थाने घडवलेलाच असतो. संसाराच्या दोन बाजूंपैकी एकच बाजू आपल्यासमोर पुस्तकरूपाने आली, हे वाचताना विसरून चालत नाही. सुनीताबाई हे जाणत होत्या, म्हणून तर त्या पानोपानी स्वतःला अडवतात. आपण वाचक मात्र चटकन निकालपत्र लिहायला बसतो.

आणि घरच्या साक्षीने लेखक नेहमी लहानच होतो, असेही नाही. याच सुनीताबाईंमुळे मराठी वाचकांना दुसऱ्या एका मोठ्या लेखकाचे आतले रूप पाहायला मिळाले, आणि ते याच्या अगदी उलट आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे प्राध्यापक होते. सभा नको, सत्कार नको, भेटीगाठी नकोत. छायाचित्रात दिसतात ते काळ्या चष्म्याआड. ‘काजळमाये’ला मिळालेले साहित्य अकादमीचे पारितोषिक त्यांनी परत केले. ‘निळासावळा’, ‘पारवा’, ‘हिरवे रावे’ यांतल्या माणसांवर नियती जशी चालून येते, ते वाचून आपण लेखकाचेही एक चित्र मनाशी रंगवतो: एकाकी, कडवट, माणसांना विटलेला. १९८७ मध्ये जी. ए. गेले आणि पुढे त्यांची निवडक पत्रे चार खंडांत प्रसिद्ध झाली. पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा. ती पत्रे वाचावीत तर हा मनुष्य गप्पिष्ट आहे, खट्याळ आहे, पुस्तकांवर आणि चित्रांवर मनमुराद बोलणारा आहे, मैत्रीला जपणारा आहे. सुनीताबाईंची त्यांना गेलेली पत्रेही पुढे ‘प्रिय जी. ए.’ या नावाने आली. आणि त्यांच्या मावसबहीण नंदा पैठणकर यांनी ‘प्रिय बाबुआण्णा’ लिहिले, तेव्हा घरातल्या धाकट्या बहिणींचा सांभाळ करणारा वडीलभाऊ समोर आला. ज्याच्या नावाची पुरी अक्षरेही बाहेर कुणी उच्चारीत नसे, जगाला जो दोन आद्याक्षरांपुरताच ठाऊक होता, तो घरात बाबुआण्णा होता!

मग खरे जी. ए. कोणते? बाबुआण्णा खरे म्हणून ‘काजळमाये’तला काळोख खोटा ठरतो काय? मुळीच नाही. उलट मला वाटते, माणसांवर ज्याचा इतका जीव होता, त्यालाच त्यांच्या वाट्याला येणाऱ्या दुःखाचा इतका धसका असू शकतो. टिळकांच्या बाबतीत पाहिले तेच येथे आहे. वरून विरुद्ध दिसणाऱ्या दोन गोष्टी खाली एकाच मुळाला मिळतात. ते मूळ बाहेरून दिसत नाही. घरातल्या माणसाने, किंवा घरातल्याइतक्या जवळच्या माणसाने बोट दाखवले तरच दिसते.

आता वाचकाने काय करावे? माझ्या मते दोन चुका टाळल्या पाहिजेत आणि त्या दोन्ही आमच्या घरात त्या दिवाळीला झाल्या होत्या. माणसाविषयी काही कळले म्हणून त्याचे लेखन फेकून देणे, ही पहिली. फीत बंद करून काकांनी पु. लं.ना नव्हे, स्वतःलाच शिक्षा केली. दुसरी चूक अधिक वाईट, कारण ती सभ्यतेचे वस्त्र पांघरून येते: लेखन मोठे आहे म्हणून घरच्यांनी गप्प बसावे असे म्हणणे. प्रतिभावंतांना सगळे माफ असते, हे वाक्य आपण फार सहज वापरतो. माफ करणारे आपण कोण? ज्याने सोसले, त्याचा तो अधिकार आहे. वाटेवर ऊस मिळालेल्या पोराने जिजाईला सांगू नये, की तू रागावू नकोस.

येथे एक भेदही केला पाहिजे. विसराळूपणा, आत्ममग्नता, व्यवहारशून्यता हे एका प्रकारचे दोष. त्यांचे ओझे घरच्यांवर पडते, पण त्याविषयी बोलताना माया शिल्लक असू शकते. छळ, मारहाण, विश्वासघात ही निराळी गोष्ट आहे. तेथे गुण आणि दोष एका देठाचे, हे सांगून भागत नाही. चांगल्या कवितेने अशा गोष्टीची भरपाई होत नाही आणि तशी ती होते असे म्हणणारी समीक्षा ही समीक्षा नव्हे, वकिली होय. कविता चांगली असेल तर ती चांगली राहील. अपराध अपराध राहील. दोन्ही वाक्ये एका श्वासात म्हणता येत नसतील, तर ती दोन श्वासांत म्हणावीत. पण दोन्ही म्हणावीत.

आजच्या काळात तर हा प्रश्न अधिकच गुंतागुंतीचा झाला आहे. पूर्वी लेखक दूर असे. केशवसुतांचे तर एक छायाचित्रही आपल्याला उपलब्ध नाही आणि त्यामुळे त्यांच्या कवितेचे काही अडले नाही. आता लेखकाचे टेबल, त्याची खिडकी, त्याच्या हातचा पोहे-चहा, त्याच्या मुलीचा वाढदिवस हे सगळे वाचकाच्या मोबाईलवर रोज येऊन पडते. आपल्याला वाटते, आपण आता थेट घरातच गेलो. पण ती ओसरीच असते. फक्त आता ती स्वयंपाकघरासारखी सजवलेली असते. माजघर अजून आतच आहे आणि तेथली साक्ष अजूनही उशिराच येते. पूर्वी लेखक आपले घर झाकून ठेवीत, आता उघडे करून झाकतात, एवढाच काय तो फरक. म्हणून दिसले तेवढ्यावर भाळण्याचे आणि कळले तेवढ्यावर चिडण्याचे, दोन्हींचे आपण थोडे सबुरीने घेतले पाहिजे.

त्या दिवाळीनंतर पुष्कळ वर्षे गेली. १२ जून २००० रोजी पु. ल. गेले, तो त्यांच्या लग्नाचा वाढदिवस होता. २००९ मध्ये सुनीताबाईही गेल्या. पु. ल. गेल्याची बातमी आली त्या संध्याकाळी काकांनी कपाटातून जुन्या फिती काढल्या. एक लावली. आवाज थोडा चिरका येत होता, तरी पाच मिनिटांत सगळे हसू लागले आणि काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मी आईला विचारले, “तेव्हा तू काहीच बोलली नव्हतीस. तुला काय वाटलं होतं ते पुस्तक वाचून?”

आई म्हणाली, “मला बरं वाटलं होतं.”

“बरं कसलं? इतकं दुःखाचं लिहिलंय की.”

“दुःखाचं आहे. पण कुणीतरी मोजून ठेवलंय ना सगळं,” ती म्हणाली. मग फितीकडे मान वळवून म्हणाली, “याला मी तेव्हाही हसत होते रे. तुम्ही बाहेर ऐकत होता, मी आतून ऐकत होते. आतपर्यंत नीट ऐकू यायचं.”

इतकी वर्षे तीही त्याच पंगतीत होती आणि तिचे ताट मांडलेले नव्हते, हे मला त्या क्षणी कळले. त्या दोन पुस्तकांपैकी खरे कोणते, हा वाद आमच्या घरात पुन्हा झाला नाही. आज माझ्या कपाटात ‘व्यक्ती आणि वल्ली’ आणि ‘आहे मनोहर तरी’ शेजारी शेजारी आहेत. दिवाळीत कपाट आवरताना कुणी त्यांची जागा बदलली, तर मी ती पुन्हा जवळ आणून ठेवतो.